बाबूभाई रजईवाल्याची नादारी

ब्रह्मपुरीत आमच्या गल्लीत असं घर नाही, की जिथली गादी बाबूभाईच्या हाताखालून गेलेली नाही. धान कापून झालं की आसपासच्या खेड्यांतल्या बाया जुन्या रजया डोक्यावर घेऊन त्याच्या दुकानापुढे येऊन बसायच्या. हा आत कापूस पिंजत असायचा. भुवया रुईनं पांढऱ्या झालेल्या, नाकाला फडकं, आणि फडक्याच्या आतूनही बोलणं चालूच. गादीचं माप घेताना गिऱ्हाइकाला विचारायचा, कोणत्या कुशीवर झोपता? मग त्या बाजूला मूठभर कापूस जास्त भरायचा. त्याचे वेगळे पैसे मागावेत हे त्याला कधी सुचलं नाही. धंदा कसा करू नये हे शिकायचं असेल तर बाबूभाईकडे जावं, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. तो हसायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा, कारण हसून झाल्यावर तो आपलंच खरं करायचा.

मी वामनराव. एसटीत कंडक्टर होतो, आता घरी बसून असतो. घरी बसलेल्या माणसाला राग लवकर येतो असं आमची गुणाबाई म्हणते, आणि तिचं खरं असेल. पण बाबूभाईच्या बाबतीत मला राग यायला घरी बसायची गरज नव्हती.

फोमच्या गाद्या आल्या आणि त्याचं दुकान ओस पडायला लागलं. नवरीच्या आंदणात कापसाची गादी दिली तर पोरी तोंड वाकडं करायला लागल्या. त्याचा मुलगा अजीम नागपूरला नोकरीला होता. तो म्हणाला, अब्बा, पिंजायचं नवं मशीन घ्या, दुकानात फोमही ठेवा, दोन्ही विका. सल्ला वाईट नव्हता. पैसा कुठून आणायचा, एवढंच राहिलं होतं.

अजीमच बँकेचा एक माणूस घेऊन आला. दुकानातल्याच अर्धवट भरलेल्या गादीवर बसून त्यानं बाबूभाईला क्रेडिट कार्ड समजावलं. आज वापरा, पुढल्या महिन्यात द्या, मधल्या दिवसांचं व्याज नाही. बाबूभाईला वाटलं, अल्लानं माणूसच पाठवला. त्या कार्डावर मशीन आलं, फोम आला, काचेचं दार आलं.

कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एक मोठा आणि एक लहान. लहान आकडा भरला तरी चालतं, असं त्या माणसानं सांगितलं होतं. बाबूभाई दर महिन्याला लहान आकडा भरायचा आणि देणं दिलं म्हणून निवांत व्हायचा. मोठा आकडा कमी होण्याऐवजी वाढत का चालला आहे, हे कळायला त्याला वर्ष लागलं. तोवर दुसरं कार्ड आलं होतं. बसस्टँडजवळच्या एका दुकानात दुसरं कार्ड घासायचं, दुकानदार शेकडा दोन रुपये कापून रोख द्यायचा, ती रोख पहिल्या कार्डात भरायची. मग तिसरं कार्ड. जन्मभर लोकांचं अंथरूण शिवलं, पण स्वतःचे पाय किती पसरायचे ते याला शेवटपर्यंत जमलं नाही, असं मी एकदा बोलून गेलो. शहजादीभाभी, त्याची बायको, तेव्हा चहा घेऊन उभी होती. तिनं कप ठेवला आणि आत गेली.

अडीनडीला त्यानं माणसांकडूनही घेतलं. माझे तीस हजार होते. पत्रू दूधवाल्याचं जवळजवळ वर्षाचं दूध राहिलं होतं. कापूसवाला, शिलाईची बाई, त्याची मोठी बहीण, असे सगळे मिळून सात जण. आम्ही कुणी मागत नव्हतो. मागणारे फोनवर होते, ते सकाळपासून सुरू व्हायचे. बाबूभाईनं उचलला नाही तर भाभीला करायचे, तिनं उचलला नाही तर माझ्याकडे.

शेवटी मीच त्याला चंद्रपूरला घेऊन गेलो. तिथं साधनाताई म्हणून वकील आहेत, माझ्या साडूच्या नात्यातल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की कोर्टात नादारीचा अर्ज करता येतो. ज्याचं देणं फिटण्यापलीकडे गेलं, त्यानं आपलं असेल नसेल ते कोर्टापुढे उघडं करायचं. कोर्ट ते सगळ्या घेणेकऱ्यांत वाटून देतं, आणि मग माणूस बाकीच्या देण्यातून सुटतो. पण एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावून सांगितली. आजपासून कार्डाला हात लावायचा नाही, आणि कुणा एकाला वेगळे पैसे द्यायचे नाहीत. कोर्टापुढे बँक आणि दूधवाला सारखेच. बाबूभाईनं मान डोलावली. परतीच्या बसमध्ये तो बोटांवर काहीतरी मोजत बसला. मला वाटलं, सुटायला किती महिने लागतील ते मोजतो आहे.

आठवड्याभरानं तो आमच्या दारात आला आणि माझ्या हातावर तीस हजार ठेवले. कुठून आणलेस, म्हणून विचारलं तर म्हणाला, एक मोठी ऑर्डर मिळाली. मग हात जोडून म्हणाला, काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा. मला ते विचित्र वाटलं, पण गुणाबाईनं पैसे आत नेऊन ठेवलेसुद्धा. तसाच तो पत्रूकडे गेला, बहिणीकडे गेला, सातही घरी गेला. सगळीकडे पैसे दिले, सगळीकडे माफी मागितली. गल्लीत लोक म्हणायला लागले की बाबूभाईचे दिवस फिरले.

दिवस फिरले नव्हते. त्याच्याकडे चौथं कार्ड होतं, बँकेनं आपणहून पाठवलेलं, कोरं. ते त्यानं बसस्टँडजवळच्या दुकानात एका दमात रिकामं केलं आणि आमचे पैसे फेडले. त्यानंतर चंद्रपूरला जाऊन अर्जावर सही केली.

बँकेच्या वकिलाला ते सापडायला वेळ लागला नाही. अर्जाच्या तोंडावर एवढी रक्कम उचलली ती गेली कुठं, असं त्यानं कोर्टात विचारलं. आम्हाला ऑर्डरचं सांगितलं होतं, पण कोर्टात शपथेवर बाबूभाईला खोटं बोलता आलं नाही. त्यानं सातही नावं सांगून टाकली. पुढल्या महिन्यात आमच्या सात घरी कोर्टाच्या नोटिसा आल्या. ही रक्कम परत का घेऊ नये, ते येऊन सांगा.

पत्रू नोटीस घेऊन माझ्याकडे आला. त्यानं त्या पैशात म्हैस घेतली होती. मी वाचून दाखवलं तेव्हा तो ओट्यावर उकिडवा बसला. "मी काऊन कोर्टात जाऊ, भाऊ?" तो म्हणाला. "मी तं दूधच देल्लं ना." बाबूभाई समोर आपल्या दारात उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो आत गेला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. मला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त संताप आला.

साधनाताईंनी त्याला सोडलं नाही. एवढं सांगून ठेवलं होतं, मग असं का केलंत, म्हणून चांगलंच सुनावलं. बाबूभाई खाली बघत होता. मग बोलला.

"मॅडम, आमच्यात जनाज्याची नमाज व्हाच्या आधी पोरगा उभा राह्यते. म्हणते, माझ्या बापाकडे कोणाचं काही निघत असन तं माफ करा, नाई तं माझ्याकडून घ्या. माझा बाप गेला तवा मी उभा होतो. एक कापसाचा व्यापारी उठला. सगळ्या गावासमोर म्हणला, माझे अकराशे राह्यले. मी ते फेडले, पण त्या दिवशी माझा बाप खाली पडून होता आन् मी त्याच्यावर कपडा टाकू शकलो नाई असं मले वाटलं. अजीमले मी तसं उभं नाई करणार. बँक काही जनाज्याले येत नाई, मॅडम."

ताईंचं सुनावणं तिथंच थांबलं. मग त्यांनी शांतपणे दोन रस्ते सांगितले. सात जणांनी पैसे कोर्टात भरले तर अर्ज पुढे चालवता येईल, आणि बाबूभाई कधीतरी मोकळा होईल. नाहीतर कोर्टाच्या परवानगीनं अर्ज मागे घ्यायचा. मग नोटिसा रद्द होतील, पण बँकांचं सगळं देणं जन्मभर त्याच्या डोक्यावर राहील.

मी म्हटलं, माझे तीस हजार मी आजच भरतो. त्याची बहीणही भरायला तयार होती. कापूसवाल्यानं मात्र कानावर हात ठेवले होते, आणि पत्रूला म्हैस विकावी लागली असती. बाबूभाईनं समोरचा चहा संपवलासुद्धा नाही. अर्ज मागे घ्या, म्हणाला. ताईंच्या ऑफिसचा जिना उतरताना मी त्याला नाही नाही ते बोललो. बेअक्कल म्हणालो, ढोंगी म्हणालो. ढोंगी तो नव्हता, हे बोलतानाच मला कळत होतं. तो कठडा धरून सावकाश उतरत राहिला.

दुकान गेलं. मशीन भंगाराच्या भावानं गेलं. त्या पैशात एक कार्ड मिटलं, तीन राहिली, आणि त्यांचं व्याज काही झोपत नाही. राहतं घरही विकलं, तो पैसा नुसत्या व्याजातच गेला. तो आणि शहजादीभाभी दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. अजीम नागपूरहून जमेल तसे पाठवतो. तो अब्बांशी नीट बोलत नाही, कारण मशीनचा सल्ला त्याचाच होता. बाबूभाई आता नागभीड रोडवरच्या फोमच्या मोठ्या दुकानात गाड्या खाली करतो. साठी उलटलेला माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गादी छातीशी धरून ट्रकमधून उतरवतो. वजन काहीच नसतं म्हणतो, आणि एवढ्याच गोष्टीवर अजून चिडतो. हातात गादी आहे हे हाताला कळायला नको का, म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी तो आमच्या ओट्यावर बसला होता. वसुलीचा फोन आला. ऐकू कमी येतं म्हणून तो फोन स्पीकरवर ठेवतो. तिकडून एक मुलगी हिंदीत बोलत होती, पैसे कब तक भरोगे म्हणून विचारत होती. बाबूभाईनं ऐकून घेतलं.

"बेटी, सब तो मैं नहीं दे सकूँगा," तो म्हणाला. "तुम माफ कर सकती हो क्या?"

तिला वाटलं तो तडजोडीचं विचारतो आहे. सेटलमेंटचा विभाग वेगळा आहे, तिनं सांगितलं.

"सेटलमेंट नहीं, बेटी. माफी. किससे माँगना, नाम बता दो. मैं लड़के को बता के रखूँगा."

तिच्या मागे कितीतरी जणांचा आवाज येत होता, सगळे कुणाकुणाला पैसे मागत होते. थोड्या वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "नाम तो हमको भी नहीं मालूम, सर." आणि फोन बंद झाला.

बाबूभाई फोनकडे बघत राहिला. रुई गेली तरी त्याच्या भुवया पांढऱ्याच राहिल्या आहेत, हे मला तेव्हा दिसलं. मी त्याला म्हटलं, सोड रे, बँकेचं एवढं काय. तो ऐकत नव्हता.

"तुमी सात जण माफ करसान, वामनराव, ते मले मालूम आहे. पत्रू करन, बाई करन. पण या बँकवाल्याहिचं मी घेतलं तं खरंच ना. याहिच्यातलं माफ कराले कोण येईन?"

 बँक जनाज्याला येत नाही याच हिशोबावर त्यानं सगळं लावलं होतं, आणि आता तेच त्याला खात होतं.

जाताना तो पायरीवर थांबला. "मी गेलो तं अजीमले सांगजा," तो म्हणाला. "उभा राह्यला का बँकांची नावं मोठ्यानं घे म्हणा. कोणी उठलं नाई तरी घे."

मी हो म्हटलं. खरं तर वयानं मी मोठा आहे, आधी जायचं ते मला.