रिकाम्या हाताची बाई

हट्ट्याच्या अलीकडच्या एका गावात मैनाबाई म्हातारी होऊन, नातवंडं खेळवून, पोटभर जेवून मेली. यात सांगण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. सांगण्यासारखं एवढंच की तिला पंचविशीच्या आत मारायची त्या घराची सगळी तयारी झालेली होती. तिच्या आधीची तशीच गेली होती.

चैतरामची ती दुसरी बायको. पहिली तुळसा. ती गेली आणि वर्षाच्या आत मैना घरात आली. बिजवराच्या बायकोच्या गळ्यात घालतात तसा चांदीचा टाक तिच्या गळ्यात पडला. टाक म्हणजे मेलेली सवत. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, पहिला घास टाकाच्या नावानं काढायचा, मग आपण तोंड हलवायचं. नाहीतर सवत कोपते आणि घराला धरते. तुळसा कशानं गेली, हे मैनेनं एकदाच विचारलं होतं. "ताप आलता," एवढंच सासू दुर्गाबाई बोलली आणि उठून गेली.

मैना पहिला घास इमानेइतबारे काढायची. पण घास काढण्यापुरतं ताटात काही यायला तर हवं! त्या घरात सून सगळ्यांच्या मागून जेवायची, आणि मागून म्हणजे पुष्कळदा दिवेलागणीला. पहाटेपासून धान कांडायचं, पाणी भरायचं, धानाच्या बांधीत चिखलात उभं राहायचं. भूक मारायला तिनं गुडाखूची सवय लावून घेतली होती. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा दातांना घासला की डोकं गरगरतं आणि पोट गप्प बसतं. दुर्गाबाई काही राक्षसीण नव्हती. तिच्या सासूनं तिला जसं वागवलं तसं ती वागवत होती, आणि आपण फार चांगल्या आहोत असं तिचं मत होतं.

एका सकाळी धान कांडता कांडता मैनेच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती मुसळ धरूनच सासूला म्हणाली, "मामीजी, थोडी पेज द्या ना. हातपाय गळून राह्यले."

"आधी कोठा झाड, मंग पी," दुर्गाबाई चुलीजवळून म्हणाली. "पेज काई पळून नाही जात."

मैना झाडू घेऊन गोठ्यात गेली आणि तिथंच बैलांच्या पायाशी पडली. चैतरामनं तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या पुष्पलता नर्सबाईनं डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली. चैतरामला बाहेर बसवलं.

"औषध देतो, पण औषधानं नाही होणार हे," ती म्हणाली. "दिवस वर आला का आधी पोटात काहीतरी टाकायचं. गुडाखू सोडायची. दुपारी घडीभर आडवं व्हायचं. अन् संध्याकाळी फिरून यायचं. डोक्यावर पाण्याची गुंड नाही, हातात इळा नाही, मोकळ्या हातानं. कठीण हाये का काही यात?"

मैना हसली. कठीण काहीच नव्हतं, फक्त सून असताना करता येण्यासारखं नव्हतं.

नर्सबाईनं चिठ्ठीवर घरच्यांचं नाव लिहिलं आणि तिचा हात थांबला. "याच घरची एक आलती मागं. तुळसा नाव होतं. तिलेई हेच सांगतलं होतं. तीही तुझ्यासारखीच हसली होती."

परतीच्या वाटेवर मैनेनं टाक मुठीत धरला होता. उन्हात तापायला हवा तो, पण गार लागत होता. आता आपली पाळी आहे, हे तिला इतकं स्वच्छ कळलं की तिला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली. "मामीजी, तुळसाबाई सपनात आलती. म्हणे दिवस वर आला का मले भूक लागते. उपाशी ठेवान तं घर धरीन म्हणे."

दुर्गाबाईचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. तिनं वाडगाभर पेज ओतली. मैनेनं एक घास टाकाला लावला आणि उरलेली पेज सवतीच्या नावानं घटाघट प्यायली.

मग तुळसाबाईला गुडाखूचा वास सोसेना. मग तुळसाबाईला दुपारी ओसरीवर पडावंसं वाटू लागलं. आणि मग तुळसाबाईला संध्याकाळी गावामागच्या बोडीच्या पाळीवरून फिरायचं होतं, मोकळ्या हातानं. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचा लहानसा तलाव, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. पाळीवरून बाया रोज जायच्या, पण डोक्यावर गुंड नाहीतर भारा, काखेत पोर, काहीतरी असायचंच. हाती काही नाही, डोईवर काही नाही, अशी बाई गावानं कधी पाहिलेलीच नव्हती. तेजराम गुराख्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गुरं सोडून पळाला. ती बाई जिवंत नाही, असं त्यानं पारावर शपथेवर सांगितलं. आता यावर हसावं की रडावं! काम करत नसलेली बाई त्या गावाला मेलेलीच वाटली.

मैनेच्या अंगात रक्त भरू लागलं. नखं लाल झाली, जिना चढावा तशी लागणारी धाप थांबली. पण एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही. ओसरीवर ती पडायची तेव्हा शेजारची रिकामी चटई हळूहळू गार व्हायची. पाळीवर तिच्या पावलांमागं आणखी पावलं वाजायची. ती थांबली की ती पावलंही थांबायची, पण एक पाऊल उशिरा. मागं वळून पाहिलं तर बोडीचं काळं पाणी आणि पळसाची झाडं. आपण खोटं बोलतो आहोत की कोणी आपल्याकडून बोलवून घेतंय, हे तिचं तिलाच उमजेना. भीती वाटायची, आणि तरी ती रोज जायची. न जाण्याची भीती जास्त होती.

पण दुर्गाबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. "धरलेली बाई वाळते," ती एक दिवस चैतरामला म्हणाली. "हे तं भरून राह्यली. काहून?"

त्याच दिवशी दुपारी तिनं मैनेला ओसरीवरून उठवलं आणि अंगणात उभं केलं. चैतराम खांबाला टेकून उभा होता. "तू खरंच तुळसा असशीन तं सांग," दुर्गाबाई टाकाकडे बघत म्हणाली. "ज्या दिवशी तू गेली, त्या दिवशी मले काय मांगतलं? अन् म्या काय म्हटलं? घरात आपण दोघीच होतो. कोणाले ठाऊक नाही."

सोंग उघडं पडलं तर पेज गेली, दुपार गेली, पाळ गेली. मग पुन्हा तोच कोठा, आणि पुढच्या साली दोघींच्या टाकांचं ओझं गळ्यात घालून तिसरी येईल. मैनेनं टाक घट्ट धरला. तिला काहीही माहीत नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि जे आलं ते येऊ दिलं.

"पेज मांगतली होती," तिच्या तोंडून निघालं. "तुमी म्हटलं, आधी कोठा झाड, मंग पी. पेज काई पळून नाही जात."

दुर्गाबाई अंगणातच मटकन खाली बसली. "कोठ्यात झाडू हातात घेऊनच पडली होती," ती चैतरामला म्हणाली, पण त्याच्याकडे न बघता. "मले वाटलं ढोंग करते. पेज थंडी होऊन गेली तशीच." मग तिनं टाकापुढं दोन्ही हात जोडले. "चुकलं माहं, तुळसा. तुले नाही देल्ली, हौ. पण या मैनेले म्या एक दिवस उपाशी नाही ठेवलं. तू तिच्या गळ्यातच रायते, तू तं पायतंच हायेस."

मैना तिच्याकडे बघतच राहिली. सासू खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी, त्याच चुलीपाशी, तेच शब्द. जिला ते बोलले गेले ती मेली तरच ते लक्षात राहतात, एवढाच काय तो नियम. पाळीवरच्या पावलांची मैनेला कधी वाटली नव्हती एवढी भीती त्या जोडलेल्या हातांची वाटली. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, मामीजी, हे तिचं नाही, माझं आहे, मला म्हटलं होतं तुम्ही! पण सांगितलं असतं तर ती जिवंत ठरली असती, आणि जिवंत सुनेचं त्या घरात कोण ऐकतं?

"आता नका ठेवू," ती फक्त म्हणाली.

"नाही ठेवत," दुर्गाबाई म्हणाली. ती उठली आणि झाडू घेऊन स्वतः गोठ्याकडे गेली.

त्या संध्याकाळी मैना पाळीवर गेली. दुसऱ्या दिवशी तेजराम घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "काकू, काल सुनेसंगं कोण होती? दोघी होत्या पाळीवर. दोघीबी मोकळ्या हाताच्या."

दुर्गाबाईनं त्याला हटकलं नाही. पुढच्या सकाळपासून तिनं चुलीपाशी दोन वाडगे मांडले. ती होती तोवर तिनं मांडले, आणि ती गेल्यावर मैनेच्या सुनेनं. मैना दोन्ही प्यायची. दुसरा वाडगा पिताना मात्र ती गोठ्याकडे पाठ करून बसायची.