सात नंबरची बंद लाइन

पॅच कॉर्ड सात नंबरमध्ये खोचली आणि माझ्या कानाशी कोणीतरी श्वास घेतला.

सिरोंच्याचं टेलिफोन एक्सचेंज, भर दुपार. वावटळीनं जंगलातल्या काही तारा लोळवल्या होत्या, म्हणून मी रॅकवरची एकेक लाइन टेस्ट फोनला जोडून ऐकत होतो. पॅच कॉर्ड म्हणजे हातभर वायर, दोन्ही टोकांना पितळी प्लग. कोणतीही लाइन कशालाही तात्पुरती जोडायची, बस.

सात नंबर जंगलातल्या रेस्ट हाउसची. ते बंद पडलेलं, दाराला कुलूप. फोनमधले सेल मीच काढून आणले होते. सेल नसले की माउथपीस मुकं.

श्वासामागून बाईचा आवाज आला. विहिरीच्या तळातून यावा तसा. कॉर्ड काढली, शांत. लावली, पुन्हा तोच.

चंद्रपूरला साहेबांना फोन लावून विचारलं.

"इंडक्शन असन," ते म्हणाले. म्हणजे एका तारेतलं बोलणं दुसरीत झिरपतं. "बाकीच्या लाइनी उपटून पाहा."

सगळ्या उपटल्या. आवाज येतच राहिला. 

ऑपरेटर मडावी बाईंना हाक मारली. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, गोंडीत बोलून राह्यली. मोहफुलं वेचताना अस्वलानं नवऱ्याले फाडलं म्हणते. रक्त थांबून नाई राह्यलं."

"पण तिथला फोन चालतच नाई!"

"मले काय सांगता? दवाखाना जोडा न!"

कॉर्डचं एक टोक सातमध्ये, दुसरं दवाखान्याच्या लाइनीत. डॉक्टर सांगत, मडावी बाई मध्येच जोडलेल्या टेस्ट फोनवरून गोंडीत करून देत. मग बराच वेळ काहीच नाही. मग उत्तर. जखम कशी बांधायची ते सांगून होईतो जीप निघाली होती.

माणूस वाचला. एक डोळा गेला.

दवाखान्यात त्याच्या बायकोनं फोन कसा धरला ते दाखवलं. उलटा. ऐकायच्या तुकड्यातच ती बोलत होती, आणि ऐकताना तोच कानाला लावत होती. त्यात चुंबक असतो. सेल नसतानाही थोडा आवाज पुढे जातो. कोडं सुटलं, असं मला वाटलं.

"पण कुलूप असलेल्या घरात फोन आहे, हे हिले कसं समजलं?" मी विचारलं.

मडावी बाईंनी तिला विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत घंटी वाजून राह्यली होती म्हणते. म्हणून तर खिडकी फोडली."

ती घंटी फक्त आमच्या ऑपरेटरच्या बोर्डावरून वाजवता येते. रेस्ट हाउस बंद झालं तेव्हाच सात नंबर बोर्डावरून काढला होता, नुसता रॅकवर उरला होता.

साहेबांनी रिपोर्टात इंडक्शन लिहिलं. मीही सही केली. पुढे मात्र कोणतीही लाइन बंद करायचा हुकूम आला, की मी आधी पॅच कॉर्ड लावून ऐकायचो. नीट, बराच वेळ. तार कापायची ती नंतर.