मांजर पुन्हा उठलं
धावाधावीची कार्टून पोराटोरांसाठी असतात म्हणणाऱ्याने माझी आई पाहिलेली नाही. तळवलीत सिनेमाची गाडी आली, तेव्हा पडदा म्हणून आमच्या होडीचं शीड बांधलं. त्यावर मांजर उंदरामागे धावू लागलं आणि गावात दोन तट पडले. उंदीर जाळी कुरतडतो, म्हणून बाप्ये मांजराच्या बाजूने. मांजर सुकत घातलेले बोंबील पळवतं, म्हणून बाया उंदराच्या. वाऱ्याने शीड फुगलं की मांजर गाभण दिसायचं! रोलरखाली चपटं झालेलं ते टुणकन उठलं, तशी आई किंचाळली, "मेलं नाय गो!"

दुसऱ्या दिवशी आमचंच मांजर बोंबलांवर आलं. आईने झाडू उगारला, कालचं आठवलं, आणि हसत हसत ती मटकन खाली बसली. मांजराने निवडून सगळ्यात मोठा बोंबील नेला.