पाटावरची झारी

निरंजन वझलवारांनी रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढली. काम एकच होतं. आलेल्या दगडात लोखंड किती, ते सांगायचं. ट्रकवाला देवाची शपथ घेऊन सांगो की मालक स्वतः सांगो, निरंजनराव नमुना घ्यायचे, कुटायचे, चाळायचे, तीनदा तपासायचे आणि मगच तोंड उघडायचे. हीच सवय घरीही आली. त्यांच्या पत्नी चित्राताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मलेही तीनदा पाहून गेले हे. तिसऱ्या वेळी आमच्याकडच्यांनी पोहे करणंच सोडून देल्लं."

अशा माणसानं एकाच गोष्टीचा नमुना जन्मात कधी घेतला नव्हता. ती होती नानांची गोष्ट.

नाना म्हणजे निरंजनरावांचे वडील. वय सत्त्याऐंशी, बांधकाम खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त, कान शाबूत, दात गेलेले. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी पुढच्या खोलीत त्यांची वेताची खुर्ची असते आणि त्या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला गोष्ट ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. गॅसवाल्यानं ती ऐकली आहे, जनगणनेला आलेल्या बाईंनी ऐकली आहे. एका विमा एजंटानं तर दोनदा ऐकली आणि पॉलिसी न देताच गेला बिचारा.

"माहे बाबा, यशवंतराव, छोट्या लाइनीवर स्टेशन मास्तर होते," नाना सुरू करत. छोटी लाइन म्हणजे रायपूरहून धमतरीकडे जाणारी जुनी नॅरोगेज. "अख्ख्या लाइनीवर एकटा मराठी माणूस! काम असं चोख, की गोरा साहेब खूश झाला अन् ही पितळेची झारी भेट देऊन गेला." मग फडताळाकडे बोट. तिथे लांब तोटीची, दोन शेर पाण्याची एक झारी असे, चिंचेनं घासून लख्ख.

या बढाईला घरात कुणी हसत नसे, कारण तिच्या मागचं सगळ्यांना ठाऊक होतं. नाना चार वर्षांचे असताना यशवंतराव तापानं गेले. फोटो एकही नाही. चेहरा, आवाज, चाल, नानांना काही म्हणजे काही आठवत नाही. आई, वनमालाबाई, लेकराला कडेवर घेऊन तात्यापाऱ्यात भावाच्या आश्रयाला आली आणि बारा माणसांचा स्वयंपाक करत राहिली. वडिलांचं म्हणून नानांकडे दोनच गोष्टी होत्या: आईनं सांगितलेली ती हकिकत आणि ती झारी. एवढ्यावर त्यांनी ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षं निभावून नेली होती.

यंदा मराठी मंडळानं दसऱ्याच्या संध्याकाळी शहरातल्या जुन्या घराण्यांचा सत्कार ठेवला. नानांना मंचावर बसायचं होतं. त्यांनी आठवडाभर आधी कोट इस्त्रीला दिला. नात श्रावणी बँकेत नोकरीला; मराठी सगळं समजतं पण बोलते हिंदीत. तिनं झारीचा फोटो काढला, खाली 'रायपूर के पुराने मराठी स्टेशन मास्टर की निशानी' असं लिहिलं आणि मोबाइलवर स्टेटस ठेवलं.

अष्टमीच्या दिवशी ती बँकेतून आली ती सरळ स्वयंपाकघरात, वडिलांकडे.

"पापा, मेरे साथ रीना काम करती है न, भनपुरी वाली? उसके दादाजी ने फोटो देखा। बोले, ये झारी मैंने देखी है।" ती थांबली. "और बोले कि उस लाइन पर मराठी तो एक ही थे, और वो स्टेशन मास्टर नहीं थे। पानी-पांडे थे।"

चित्राताईंच्या हातातली पुरणाची कढई तशीच राहिली. पानी-पांडे म्हणजे स्टेशनावरचा पाणीवाला. गाडी थांबली की झारी घेऊन डब्याडब्यापाशी जायचं आणि खिडकीतून पुढे आलेल्या ओंजळीत पाणी ओतायचं, ही त्याची नोकरी.

निरंजनराव उठले. ते पुढच्या खोलीत गेले. नाना पेंगत होते. झारी उचलून त्यांनी उपडी केली. बुडाशी झिजलेली तीन इंग्रजी अक्षरं होती, जुन्या रेल्वे कंपनीची, आणि त्यांच्या पुढे आकडा, सतरा. लहानपणापासून ते तो आकडा पाहत आले होते. कारखान्यातल्या प्रत्येक घमेल्यावर, प्रत्येक खुर्चीवर त्यांनी असेच आकडे पाहिले होते. भेट दिलेल्या वस्तूवर कुणी असा नंबर ठोकत नाही. चौतीस वर्षं दगड तपासणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं असं नाही. त्यांनी ते बघायचं नाकारलं होतं, आणि त्याची आता त्यांना लाज वाटली.

तरी ते सवयीला जागले. स्कूटर काढली आणि भनपुरीला गेले.

ट्रकांच्या गॅरेजांमागे, धुळीनं पांढऱ्या पडलेल्या गल्लीत रीनाचे आजोबा, तुळशीराम यादव, खाटेवर बसले होते. नव्वदी उलटलेली, पाठ मात्र ताठ. निरंजनरावांनी तीच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारली. म्हाताऱ्यानं तिन्ही वेळा तेच सांगितलं.

"हव, पंडित बबा," ते म्हणाले. "मैं आठ बछर के रहेंव." पंडित बबा म्हणजे यशवंतराव, गाव त्यांना तसंच म्हणे; आणि तुळशीराम तेव्हा आठ वर्षांचे. पुढचं त्यांनी हिंदी-छत्तीसगढी मिसळून सांगितलं ते असं. मे महिना होता. त्यांना ताप भरलेला, आई त्यांना रायपूरच्या दवाखान्यात नेत होती. त्यांच्या स्टेशनाहून गाडी सुटली तेव्हा शेवटच्या डब्यापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. आई खिडकीतून ओंजळ पुढे करून ओरडत होती. पंडित बबा झारी घेऊन गाडीबरोबर धावले. धावता धावता फलाट संपला. तेव्हा त्यांनी पायरीवर उडी घेतली, दांड्याला लटकले आणि तसेच एका हातानं पाणी ओतत राहिले. पोरगं पोटभर प्यायलं, डोक्यावरही ओतून घेतलं. बबा पुढच्या स्टेशनावर उतरले आणि रिकामी झारी खांद्यावर टाकून, भर उन्हात रुळांवरून चार कोस चालत परत आले.

"मोर दाई मरत तक ओखर नाव लेके दिया बारिस," तुळशीराम म्हणाले. त्यांची आई मरेपर्यंत दर दिवाळीत त्या पाणीवाल्याच्या नावानं एक दिवा लावत असे.

निरंजनरावांनी चहा घेतला तो त्यांना गोड लागला की नाही, हे त्यांना सांगता आलं नसतं. आपल्या आजोबांच्या नावाचा दिवा एका खेड्यात वर्षानुवर्षं लागत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता! छाती भरून आली. पण घराकडे वळताना दुसराच प्रश्न उभा राहिला. नानांना हे कसं सांगायचं? सांगितलं तर त्यांचे वडील दुसऱ्यांदा जाणार. न सांगावं, तर परवा सत्काराच्या मंचावर सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस नकळत खोटं बोलणार, आणि ते खोटं आहे हे समोर बसलेल्या मुलाला माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. या दिवशी ज्याच्यावर घर चालतं त्या हत्यारांची पूजा. पाटावर चित्राताईंच्या शिलाई मशीनची कात्री आली, श्रावणीचा लॅपटॉप आला, निरंजनरावांची चाळणी आली, नानांची कंपासपेटी आली. आणि नेहमीप्रमाणे शेवटी नानांनी स्वतः झारी आणून कंपासपेटीशेजारी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

निरंजनराव हातात पळी धरून पाहतच राहिले. हे ते साठ वर्षं पाहत आले होते.

"नाना," ते म्हणाले, "ही इथे काहून ठेवतो आपण? ही तर भेट मिळाली होती ना? हत्यारांत कशी?"

"माय ठेवायची. हातात चमचा धराची अक्कल नव्हती मले, तेव्हापासून पाहून राहिलो. मामा रागवायचे, पण ती ऐकायची नाही. म्हणायची, हिच्यावर आपण जेवलो आहोत."

नाना हे बोलून गेले आणि थांबले. ड्राफ्ट्समन माणूस, रेघ कुठे जाते ते त्यांना लगेच दिसायचं. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय आहे रे? सांग."

निरंजनरावांनी सांगितलं. भनपुरी, तुळशीराम, पाणी, नंबर सतरा, काही वगळलं नाही. नानांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माय खोटं बोलली? मले? जन्मभर?" ते ओरडले आणि खुर्चीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. नैवेद्याचं पुरण निवलं. कुणाची हाक मारायची छाती होईना.

शेवटी चित्राताई त्यांच्याजवळ जाऊन खाली बसल्या. आजेसासूला, वनमालाबाईंना, त्यांनी सहा वर्षं पाहिलं होतं, त्यांचे पाय चेपले होते.

"नाना, मामांकडे दहा पोरं होती. त्यांच्यात तुम्ही बिनबापाचे. पाणीवाल्याचा पोट्टा म्हणून चिडवलं असतं तुम्हाले. म्हणून तिनं लोकांसाठी स्टेशन मास्तर केला. पण देवासमोर नाही ना केला? देवासमोर तिनं दरसाल ती झारी हत्यारांतच ठेवली. भावाचा राग सहन करून ठेवली. तुमच्या हातानं ठेवून घेतली."

नाना भिंतीकडून वळले. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "चार कोस चालत आले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मे महिन्यात?"

"हो, नाना."

"माय माही," नाना म्हणाले, आणि हात जोडले. पाटाकडे जोडले की आईला, ते त्यांनाच ठाऊक. मग घसा खाकरून म्हणाले, "श्रावणी, त्या मंडळवाल्यांले फोन कर. सत्काराच्या कार्डावरचं स्टेशन मास्तर खोडा म्हणा. पाणीपांडे लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. अन् निरंजन, तू गाडी बोलाव. मले त्या माणसाकडे जाचं आहे."

"अभी? खाना तो खा लीजिए, नाना," श्रावणी म्हणाली.

"त्याचं वय नव्वदच्या वर आहे अन् माहं सत्त्याऐंशी. जेवण थांबते."

भनपुरीच्या गल्लीत गाडी शिरेना, तेव्हा नाना काठी टेकत, नातीच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेले. तुळशीराम उठून उभे राहिले. दोन म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. मग तुळशीरामांनी वाकून नानांच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, आणि नानांनी, आयुष्यात कुणाला कवेत न घेणाऱ्या माणसानं, त्यांना मध्येच धरून मिठी मारली.

"तुम्ही मोठे आहात, भैया," नाना हिंदीत म्हणाले. "मी तुमच्या पाया पडायला आलो. माझ्या बापाला बघितलेला माणूस मी आज पहिल्यांदा बघतो आहे."

दोघं खाटेवर बसले. नानांनी हुद्द्याचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, बाबा उंच होते का? होते. मिशा? होत्या, पण पांढऱ्या नव्हत्या. रागीट? छे! गाणं म्हणायचे का? ते नाही आठवत. प्रत्येक उत्तराला नाना मान डोलवत आणि ते उत्तर पुटपुटून घोकत, शाळेतल्या मुलासारखे.

"अऊ एक ठन लइका रहिस," तुळशीराम एकदम म्हणाले. एक मूल होतं. नुसतं झबलं घातलेलं, तीन-साडेतीन वर्षांचं. बबा कामावर असत तेव्हा ते कडुलिंबाखाली बसलेलं असे. त्या दिवशी बबा गाडीला लटकले तशी ते पोरगं रडत फलाटावरून धावत सुटलं. त्याला वाटलं, बाप चालला. आणि बबांनी पायरीवरून मागे वळून त्याला ओरडून काहीतरी सांगितलं.

"काय सांगितलं?" नाना खाटेवर पुढे सरकले.

तुळशीराम हसले. त्याचा अर्थ त्यांच्या गावात कुणालाच कळला नव्हता. पण पोरांनी ते उचललं होतं. गाडी-गाडी खेळताना जो इंजिन व्हायचा त्यानं मागे वळून तेच ओरडायचं, असा नियमच पडला. त्यांना वाटायचं, ही रेल्वेची भाषा असणार. त्यांची मुलं तसंच खेळली, मुलांची मुलंही खेळली. रीनाही खेळली होती.

आणि मराठीचा एक शब्द न येणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं तोंडापाशी हात धरून, मान मागे वळवून, लांब सूर लावला:

"रडू नको रे राजाऽऽ, आलोच मीऽऽ!"