कडक स्प्रिंगांची गाडी

आईच्या मणक्याला चीर पडली, त्या वर्षी दर पंधरवड्याला मी तिला मलकापूरहून कोल्हापूरला डॉक्टरांकडे नेत होते. गाडी नवऱ्याची. त्यानं हौसेनं तिला मोठी चाकं, पातळ टायर आणि आखूड, कडक स्प्रिंगा बसवल्या होत्या. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसायची, मित्र वाहवा करायचे. प्रत्येक खड्ड्याला मागून आईचा श्वास अडकलेला ऐकू यायचा. विचारलं की म्हणायची, "चालतंय की. तू म्होरं बघ."

नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "रस्त्यालाच खड्डं हाईत. त्याला गाडी काय करणार?"

एकदा आई उतरली तेव्हा पदराचं टोक ओलं, चुरगळलेलं दिसलं. रस्ताभर तिनं ते दातांत धरलं होतं. माझं डोकंच फिरलं. तिला घरी निजवून मी गाडी तशीच गॅरेजला नेली.

गॅरेजवाले चाचा म्हातारे. आईचं दुखणं सांगितल्यावर बोनेटला हातही न लावता ते मागच्या सीटवर जाऊन बसले. "चालवा ताई." दोन गल्ल्या फिरून कंबर धरतच उतरले. "ह्यात पेशंट बसवताय व्हय? स्प्रिंगा कंपनीच्या घालूया, टायर उंच घालूया. हवा बी लई मारलीया. पर सायबांना विचारून घ्या."

"मणका माझ्या आईचा हाय, सायबांचा न्हाई!" मी ओरडले. शेजारचा चहावालासुद्धा वळून बघायला लागला. चाचांनी जॅक ओढला.

संध्याकाळी गाडी पाहून नवरा भडकला. "उंट केलास गाडीचा! कुणाला विचारलंस?"

मी आईनं सोडलेल्या लुगड्याचा तो चुरगळलेला पदर त्याच्यापुढं धरला.  

पुढच्या फेरीला बांबवड्याच्या पुढं आईला चक्क झोप लागली. मला बरं वाटायला हवं होतं, पण राग आणखीच चढला. दवाखान्याच्या दारात मी तिच्यावरच खेकसले, "एवढं सोसलंस, तोंडानं सांगायला काय झालतं?"

"जावयाची हौस. आपण कशाला मोडायची?" ती म्हणाली, आणि माझा हात बाजूला सारून स्वतःच पायऱ्या चढू लागली.