बर्फ न धरणारा फ्रिज

यमनाप्पानं चाळीस वर्षं वडगावात साड्यांचा माग चालवला आणि त्या चाळीस वर्षांत त्याची मोटर एकदाही रिकामी फिरली नाही. धागा तुटला की आधी मोटर बंद, मग गाठ. चहाला कोणी हाक मारली की आधी मोटर बंद, मग चप्पल. कापड न काढता फिरणारी मोटर त्याच्या लेखी पाप होती. दुसरी पापं करायला त्याला सवड मिळाली नाही.

साखरेनं आधी त्याची नजर मंदावली, मग डाव्या पायाचा अंगठा नेला. माग मोडीत गेला. दोन वर्षांनी त्याच्या जागी, त्याच्याच बटणावर, एक जुना फ्रिज येऊन बसला. लेक करिष्मा उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती, तिकडंच राहायची; तिनं तो आणला. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं होतं, ते गार ठेवायचं होतं, आणि पत्र्याखालच्या त्या खोलीत चैत्रात माणूसही टिकत नव्हता. फ्रिजच्या दाराचं रबर सैल होतं, पण यमनाप्पाच्या बायकोनं, बायाक्कानं, त्याला हळदकुंकू लावलं तेव्हा तो व्यवस्थित गुरगुरत होता.

मग पहिलं बिल आलं.

सरकारनं घरची वीज फुकट केली होती, पण मापून. मागच्या वर्षी ज्यानं जितकी जाळली तितकी त्याला माफ, वर थोडी सवलत. म्हणजे ज्यांच्याकडं वर्षभर गीझर तापला त्यांना आंघोळीचं पाणी माफ झालं, आणि ज्यानं जन्मभर बटणं बंद केली त्याच्या वाट्याला पन्नासेक युनिटांचं औदार्य आलं. हिशेब चोख होता. त्यात खोट काढता येत नव्हती.

तोवर दर महिन्याला मीटरवाला दारातूनच ओरडायचा, "आक्का, सोन्ने!" कन्नडमधलं हे शून्य बायाक्काला फार आवडे. ती पावती देवाच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवायची. त्या महिन्यात मात्र तो काही न बोलता पावती हातात देऊन गेला. त्र्याहत्तर युनिट.

"बगा," बायाक्का म्हणाली, "तुमच्या औषदाला गारवा आन आमाला घाम."

एवढंच. ती सुताच्या कांड्या भरायच्या कामाला सकाळी नऊला जायची आणि सहाला परतायची. हे वाक्य विसरायला तिला गल्लीचं टोकही लागलं नसेल. घरात दिवसभर यमनाप्पा आणि फ्रिज असे दोघेच उरले.

पुढच्या महिन्यात पुन्हा सोन्ने. बायाक्कानं त्याचं श्रेय स्वतःकडं घेतलं. तिनं दोन मालिका सोडल्या होत्या आणि ट्यूबलाइटऐवजी देवघरातल्या लहान दिव्यावर जेवणं उरकली होती. शेजारच्या मनुबाईला तिनं सांगितलंही, "फ्रिज हाय म्हून काय झालं? घर चालवाय यायला पायजे."

फ्रिजचा एकच दोष होता. तो बर्फ धरत नव्हता. करिष्मानं सरबतासाठी पाण्याचा ट्रे ठेवला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यात पाणीच.

"फसवलं गं तुला त्या दुकानदारानं," बायाक्का म्हणाली.

"म्हातारा हाय त्यो," यमनाप्पा म्हणाला. "माज्यासारका. चालतोय ह्येच लई."

इकडं त्याची साखर चढत गेली. डॉक्टरांनी विचारलं, औषध गारच राहतं ना? बायाक्का म्हणाली, फ्रिजातच असतंय की. डॉक्टरांनी डोस वाढवला. साखर आणखी चढली. मग डॉक्टरांनी खाण्याविषयी विचारलं आणि घरी सगळ्यांना गुन्हेगार एकदमच सापडला. नाक्यावर खव्याच्या गोड कुंद्याचं दुकान होतं आणि यमनाप्पाचा कुंद्यावरचा जीव गल्लीला माहीत होता.

"आप्पा, खरं सांग," करिष्मा म्हणाली. "कुंदा खाल्लास?"

यमनाप्पानं थोडा वेळ फ्रिजकडं पाहिलं.

"खाल्ला."

"किती?"

"असंल पावशेर."

"आन आणून कुणी दिला?"

"चोर काय जोडीदाराचं नाव सांगतोय व्हय?"

"लाज न्हाय वाटत?" बायाक्का कडाडली. "पाय जाईल की समदा!"

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला जाण्याआधी त्याचे खिसे तपासू लागली. हात वर करून तो मुकाट उभा राहायचा. "हिंडलग्याच्या जेलात बी येवडी झडती न्हाय," एवढंच म्हणायचा. खिशात कधीच काही सापडलं नाही, त्यामुळं तो फार तरबेज चोर आहे असं ठरलं.

आषाढात टाचेला जखम झाली, ती वर सरकली, आणि श्रावणात यमनाप्पा गेला. कशानं गेला याची कागदावर तीन कारणं आहेत. तिन्ही बरोबर असावीत.

दहाव्याला बायाक्कानं भाताशेजारी पावशेर कुंदा ठेवला. जिवंतपणी अडवलं ते आता तरी पोटभर खाऊ दे. कावळा आला, भात उचलला, कुंद्याला चोच लावली नाही. "कावळ्याला बी साखर झाली काय गं?" मनुबाई पुटपुटली.

महिन्याभरानं करिष्मा आली. फ्रिजच्या वरच्या खणाचं दार तिला उघडेना. आत चार बोटं बर्फ धरला होता.

"ह्यो तर बर्फ धरत नव्हता," बायाक्का म्हणाली.

तेवढ्यात मीटरवाला आला. ओरडला नाही. "आक्का, एकाहत्तर. माणूस कमी झालं आन युनिट कशी वाढली? फ्रिज आता दिवसभर चालू ठेवताय काय?"

"आदी बी चालूच..." बायाक्का बोलता बोलता थांबली.

तिनं बटणाकडं पाहिलं. मागाचंच काळं बटण, तेलकट बोटांनी झिजलेलं. त्याच्याखाली यमनाप्पाची खुर्ची, अजून तिथंच. सकाळी ती उंबरा ओलांडायची तेव्हा फ्रिज गुरगुरत असायचा. संध्याकाळी परतायची तेव्हाही गुरगुरत असायचा. मधले नऊ तास तिनं कधी ऐकले नव्हते.

खिळ्यावरच्या सोन्नेच्या पावत्यांत वरच्या चार फ्रिज आल्यानंतरच्या होत्या. ती त्यांच्याकडं पाहत खाली बसली.

"आई? काय झालं?"

"कुंदा खाल्लाच न्हाय गं त्यानं," बायाक्का म्हणाली. "मी रोज खिसं तपासायची, आन त्यो हात वर करून हुबा ऱ्हायला."

करिष्माला कळायला थोडा वेळ लागला. मग काहीतरी करायचं म्हणून, बर्फ वितळवायला तिनं बटणाकडं हात नेला. बायाक्कानं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. चालू दे."

आता फ्रिजमध्ये पाण्याच्या एका बाटलीशिवाय काही नसतं. मनुबाई म्हणते, रिकामा कशाला चालवतीस, इक की. बायाक्का ऐकून घेते आणि दर महिन्याला वरच्या युनिटांचे पैसे भरते. पावती ती आता खिळ्याला अडकवत नाही. त्या घरात मोटर दिवसभर रिकामी फिरत असते.