बाकडं युरोप बघून आलं

आमच्या घरी सिंकखाली एक पिशवी आहे, तिच्यात नुसत्या पिशव्याच. आई एकही टाकून देत नाही. माझ्याकडे युरोपचे किस्से तसेच साठलेत. एक ओढायला जावं तर त्याला अडकून चार बाहेर येतात! आणि आता थोडे काढून टाकल्याशिवाय दार लागणार नाही, म्हणून सांगतेच.

मी सई. सिंगापुरात सेंगकांगला आईबरोबर राहते. बाबा जहाजावर इंजिनियर, म्हणजे बहुतेक वेळ समुद्रावरच. मी एका छोट्या स्टुडिओत फर्निचर डिझाइन करते. आमचा बॉस डेस्मंड. जन्मला सिंगापुरात, वाढला सिंगापुरात, पण जीव कायमचा युरोपात अडकलेला. त्याच्या मते खुर्ची युरोपात दाखवली की मगच ती खुर्ची होते. तोवर नुसतं लाकूड.

तर मी एक बाकडं केलं होतं. आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, तळमजल्याला सगळी मोकळी जागा आहे, इथे तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे आई आणि शेजारच्या मिसेस लिम रोज संध्याकाळी गप्पा मारतात. उभ्याउभ्या! कारण तिथली सिमेंटची स्टुलं इतकी बुटकी, की आई एकदा बसली की तिचे गुडघे तिला उठू देत नाहीत. म्हणून मी जरा उंच असं लाकडी बाकडं केलं आणि मधोमध एक दांडा बसवला, धरून उठायला. बाकी काही नाही. त्याच्यावर माणसांनी बसावं, एवढी एकच माझी इच्छा होती.

डेस्मंडने चारी बाजूंनी फिरून बघितलं. "छान आहे," तो म्हणाला. "पण आधी युरोप."

अँटवर्पच्या एका गॅलरीत ग्रुप शो होता. बाकडं तिकडे रवाना झालं. आणि माझी 'नजर तयार व्हावी' म्हणून डेस्मंडने वाटेत मला आणखी दोन-तीन शहरं दाखवायची ठरवली.

* * *

पहिलं मिलान. डिझाइनचा मोठा मेळावा, कॅफेत पाय ठेवायला जागा नाही.

सिंगापुरात हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉल्सवर, जेवायला गेलं की आपण आधी टेबल पकडतो, मग जेवण आणायला जातो. टेबल पकडायचं म्हणजे त्याच्यावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवायचं. याला 'चोप' करणं म्हणतात. पाकीट ठेवलं की जागा तुमची! कितीही गर्दी असो, लोक हातात गरम सूप घेऊन उभे राहतील, पण त्या पाकिटाला हात लावणार नाहीत.

डेस्मंडने मिलानमध्ये अगदी निर्धास्तपणे टेबलावर पाकीट ठेवलं आणि आम्ही कॉफी आणायला गेलो. परत येऊन बघतो तर टेबलाशी एक जोडपं बसलेलं, आणि त्यातली बाई आमच्याच टिश्यूने नाक पुसतेय!

वर तिने डेस्मंडला उरलेलं पाकीट पुढे केलं. "तुम्हाला हवाय का एखादा?"

* * *

त्याच मेळाव्यात एक खुर्ची होती. बसायच्या जागी काचेचे उभे तुकडे लावलेले. शेजारी काळ्या कपड्यातला एक दाढीवाला उभा. दाढी खुर्चीपेक्षा जास्त विचार करून केलेली.

मी विचारलं, "हिच्यावर बसायचं कसं?"

तो कीव करत म्हणाला, "ही खुर्ची बसण्याच्या क्रियेला प्रश्न विचारते."

"मग बसणं काय म्हणालं?"

डेस्मंडने माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

* * *

आता बर्लिन. हा माझा फार लाडका किस्सा आहे.

सिंगापूरच्या माणसाला लांब रांग दिसली की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. रांग लांब म्हणजे पदार्थ चांगला, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. आम्ही एक गॅलरी शोधत होतो. एका जुन्या इमारतीच्या चौकात ही मोठी रांग! कोणी हसत नाही, बोलत नाही, सगळे गंभीर. "हेच ते," म्हणून डेस्मंड रांगेत उभा. मीही उभी.

माझ्या पुढच्या मुलीशी मी बोलायला लागले, आणि मला कळलं की ही गॅलरीची रांग नव्हेच! वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. बर्लिनमध्ये घरं मिळत नाहीत, म्हणून बघायला एवढी झुंबड. मी डेस्मंडला सांगायला तोंड उघडलं, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. "सई, कलेसमोर बोलू नये." बरं बाबा, नाही बोलत!

आत रिकाम्या खोल्या. पांढऱ्या भिंती, गळणारा नळ. माणसं चुपचाप कपाटं उघडून बघतायत, बंद करतायत. डेस्मंड नळासमोर उभाच राहिला. "किती प्रामाणिक आहे हे," तो कुजबुजला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. नळाचे फोटो काढले, व्हिडिओ काढला.

दाराशी घरमालकाचा माणूस होता. त्याने डेस्मंडला विचारलं, "तुमच्याकडे कुत्रा आहे का?"

डेस्मंडने बराच विचार केला. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "तो तर प्रत्येकाच्या आत असतो."

फ्लॅट काही मिळाला नाही. पण डेस्मंड अजून प्रत्येक क्लायंटला तो नळ दाखवतो. मी अजूनही बोललेली नाही.

* * *

रॉटरडॅमला एका कलाकाराने गॅलरीत चक्क हॉकर सेंटर मांडलं होतं. प्लास्टिकची लाल स्टुलं, डगमगणारं टेबल, त्यावर ट्रे, ट्रेमध्ये उष्टे बाउल आणि चॉपस्टिक्स. भिंतीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं, 'आशियाई एकटेपण' वगैरे. एकटेपण? हॉकर सेंटरमध्ये? तिथे अनोळखी माणूस तुमच्या ताटात डोकावून "कुठल्या स्टॉलचं?" विचारतो!

मी चिडून वाचत होते. तेवढ्यात मागे डेस्मंडने काय करावं? सिंगापुरात जेवल्यावर आपला ट्रे आपण जागेवर नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड होतो. आता ते अंगातच भिनलंय. समोर उष्टा ट्रे दिसला, आणि या मोठ्या कलाप्रेमी माणसाने फोनवर बोलता बोलता तो उचलला आणि ट्रे ठेवायचा रॅक शोधत निघाला!

गार्ड धावत आला. "सर! सर, ते आर्टवर्क आहे!"

डेस्मंड दचकला, पण ट्रे काही सोडेना. "हो, पण असं टेबलावर टाकून कसं चालेल?"

त्या सगळ्या सहलीत मला तो माणूस तेवढाच एकदा आवडला.

* * *

शेवटी अँटवर्प. माझं बाकडं.

शोची क्युरेटर एक उंच बाई होती. प्रत्येक वाक्याआधी डोळे मिटायची. तिने मला विचारलं, "या दांड्यामागे कोणतं दुःख आहे?"

"माझ्या आईचे गुडघे," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पाटी लागली, 'उठण्यास नकार देणारं स्थलांतरित शरीर'. अहो, उठता यावं म्हणूनच तर तो दांडा! आणि माझी आई कशालाही नकार देत नाही, तिला फक्त हात लागतो.

पण पाटी मी गिळली. बाकडं एका चौथऱ्यावर चढवून त्याच्याभोवती दोर बांधला होता, तो मला गिळवेना. मी म्हटलं, "बाई, हे बसायला केलंय."

"तेच तर," ती म्हणाली. "बसावंसं वाटलं पाहिजे, आणि बसता येऊ नये."

शेजारी एक म्हातारा गार्ड दिवसभर उभा असायचा. सारखा पाठ चोळायचा. मी त्याला म्हटलं, बस ना. तो म्हणाला, नोकरी जाईल. शेवटच्या दिवशी मला राहवेना. मी दोर ओलांडला आणि बसले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! उंची बरोबर, दांडा बरोबर. गार्ड हातवारे करत आला.

"उठा मॅडम, उठा!"

"हे माझं बाकडं आहे! मी केलंय!"

"रोज कोणीतरी असंच म्हणतं," तो म्हणाला.

मी दांडा धरून उठले. स्वच्छतागृहात जाऊन रागाने रडले. एवढी हजारो माणसं समोरून गेली, आणि एकही बसलं नाही!

* * *

पण डेस्मंडचं म्हणणं खरं ठरलं. कुठल्याशा मासिकात फोटो आला आणि इथल्या लोकांना अचानक माझं बाकडं दिसायला लागलं. आमच्या भागाच्या कमिटीने कळवलं, तुमच्याच व्हॉइड डेकमध्ये आठवडाभर ठेवून बघू. लोक वापरतात असं दिसलं तर सगळ्या ब्लॉकखाली बसवू, नाहीतर विषय बंद. आणि विषय बंद म्हणजे बाकडं डेस्मंडच्या शोरूममध्ये जाणार, काचेमागे. जागाही त्याने ठरवून ठेवली होती.

बाकडं आलं. सोबत डेस्मंडने अँटवर्पची पाटी आणली, स्टँडसकट. मी पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं, पण ऐकेना. "लोकांना कळायला नको, काय बघतोय ते?"

लोकांना कळलं. बरोबर कळलं! शाळेतून येणारी मुलं लांबून वळसा घालायची. एकाने बूड टेकलं तर दुसरा ओरडला, "डोन्ट लाह! युरोप वन! स्पॉइल, यू पे!" म्हणजे, युरोपचं आहे, मोडलंस तर पैसे तू भर! मिसेस लिमने फोटो काढून मुलीला पाठवला आणि उभ्याने गप्पा चालू केल्या.

आणि आई? आईने घरून चादर आणून बाकड्यावर घातली! आमचा हॉलमधला सोफा मी कधी चादरीशिवाय बघितलेला नाही, तसंच हे.

"आई, तुझ्यासाठी केलंय गं. बस की!"

"अगं, परदेशात मांडलेली वस्तू," ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत म्हणाली. "खराब होईल. कमिटीची माणसं बघून जाऊ देत, मग बसते."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. अँटवर्पला निदान दोर तरी होता. इथे आईच दोर झाली होती.

कमिटी यायच्या आदल्या दिवशी माझी सटकली. मी खाली गेले, पाटी स्टँडसकट उचलली आणि ब्लॉकमागच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकली. चादर घडी करून घरी आणली. आई बघत होती. मी म्हटलं, "आता ते नुसतं बाकडं आहे."

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळेला कमिटीचे अध्यक्ष आले. पोटावर शर्ट ताणलेला, कपाळावर घाम, समोरच्या कॉफीशॉपमधल्या जेवणाच्या रांगेकडे एक डोळा. बरोबर डेस्मंड, इस्त्रीच्या काळ्या कपड्यात. मी लांबून बघितलं. व्हॉइड डेकमध्ये चिटपाखरू नाही. बाकडं रिकामं.

"पाटी कुठेय?" डेस्मंड माझ्या कानाशी फिस्कारला. मग तो बाकड्यापाशी गेला आणि किंचाळायचाच बाकी राहिला. "हे काय? कोणी कचरा टाकलाय याच्यावर?"

बाकड्याच्या एका टोकाला टिश्यूचं पाकीट होतं. दुसऱ्या टोकाला आणखी एक, त्याच्याशेजारी कोणाचं तरी ऑफिसचं ओळखपत्र. आणि मधोमध, दांड्याला अगदी लागून, आईची निळी घडीची छत्री.

डेस्मंडने छत्री उचलायला हात पुढे केला.

"ए, ए!" अध्यक्ष एवढ्या जोरात ओरडले, की कॉफीशॉपमधल्या माना वळल्या. "डोन्ट एनीहाऊ टच, लाह! समबडी सिटिंग देअर!"